बर्डीचा मेन रोड पायी चालणाऱ्यांचा करायचा, तर आधी भाडेकरार उघडा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नागपूरच्या सीताबर्डीत, म्हणजे बर्डीत, मेन रोडवर तुमचं आजोबांच्या काळापासूनचं कापडाचं दुकान आहे, जागा पगडीची (सुरुवातीला एकरकमी पैसे देऊन घेतलेली, कमी भाड्याची). हा रस्ता गाड्यांसाठी बंद करावा, तिथे दगडी फरशी, बाकं, झाडं, चांगले दिवे लावावेत आणि पायी फिरण्याचा मोठा बाजार करावा, अशी चर्चा व्यापाऱ्यांत सुरू आहे. बीजिंगच्या चिएनमेन रस्त्याचा व्हिडिओ तुम्हाला कुणीतरी पाठवला, दिल्लीचा चांदणी चौक तुम्ही स्वतः बघून आलात. हे नागपुरात जमेल का, आणि जमलं तर त्यात आपलं दुकान राहील का, असं तुम्ही विचारता.

जमेल. नागपुरात त्यासाठी सगळ्यात योग्य जागा बर्डीच आहे, असं माझं मत आहे. दुकान राहील का, हे मात्र तुमचा भाडेकरार, फेरीवाल्यांची नोंदणी आणि माल उतरवायची वेळ यांवर ठरेल. हे तिन्ही विषय पहिला दगड बसण्याआधी मिटवावे लागतात, नंतर ते मिटत नाहीत. बाजाररस्त्यांच्या आखणीतच माझी उमेदीची वर्षं गेली. अशा कामाच्या बैठकीत फरशीचे नमुने टेबलावर असतात, दिव्यांच्या खांबांची चित्रं भिंतीवर असतात आणि भाडेकरूंचा विषय कार्यक्रमपत्रिकेवरच नसतो. म्हणून हे उत्तर लांबलचक लिहिते आहे.

चिएनमेनपासून सुरू करू, कारण तिथे जे घडलं ते व्हिडिओत दिसत नाही. तिआनआनमेन चौकाच्या दक्षिणेला, जुन्या शहराच्या वेशीबाहेर हा रस्ता लागतो. मिंग आणि चिंग राजवटींपासूनचा हा बाजार: खानावळी, औषधांची दुकानं, रेशमाचे व्यापारी. २००८ च्या ऑलिंपिकच्या तोंडावर सुमारे ८४० मीटरचा हा पट्टा नव्याने बांधून काढला. इमारतींचे दर्शनी भाग विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या धाटणीचे केले, जुन्या ट्रामच्या नमुन्यावर नवी ट्राम ठेवली आणि स्पर्धेच्या उद्घाटनाच्या आदल्या दिवशी, ७ ऑगस्टला रस्ता खुला झाला. भाजलेल्या बदकासाठी नावाजलेली, १८६४ साली सुरू झालेली छ्वानज्यूद ही खानावळ तिथे आजही आहे. पण भाडी इतकी चढली की पुष्कळ गाळे बराच काळ बंद राहिले, आणि पुढे त्यातल्या मोक्याच्या जागा जगभर दिसणाऱ्या कपड्यांच्या ब्रँडांनी घेतल्या. आजूबाजूच्या गल्ल्यांत राहणारी कितीतरी कुटुंबं दुसरीकडे हलवली गेली, म्हणजे रस्त्याचं रोजचं गिऱ्हाईकच गेलं. रस्ता देखणा झाला आणि पर्यटकांचा झाला. बीजिंगकरांच्या रोजच्या खरेदीतून तो निसटला.

चांदणी चौकाची गोष्ट वेगळी आहे. लाल किल्ल्यापासून फतेहपुरी मशिदीपर्यंतचा सुमारे १.३ किलोमीटरचा रस्ता सप्टेंबर २०२१ मध्ये नव्या रूपात खुला झाला. सकाळी ९ ते रात्री ९ मोटारगाड्यांना बंदी, सायकलरिक्षांना मुभा. तिथली जुनी दुकानं बऱ्याच अंशी जागेवर राहिली. दिल्लीचा १९५८ चा भाडे कायदा महिना ३,५०० रुपयांपर्यंत भाडं असलेल्या जागांना संरक्षण देतो, त्यामुळे जुन्या दुकानदाराला एकदम उठवणं मालकाला सोपं नव्हतं. तिथली अडचण देखभालीची झाली. तुटलेले दगडी खांब, बंदीच्या वेळेत आत शिरणाऱ्या दुचाक्या, पुन्हा भरलेल्या मोकळ्या जागा. तुम्ही जाऊन आलात, तुम्हाला हे दिसलंच असेल.

तिसरं उदाहरण जुनं आहे, आणि मला सगळ्यात जास्त शिकवून गेलेलं तेच. कोपनहेगनचा स्ट्रॉयट हा सुमारे १.१ किलोमीटरचा रस्ता नोव्हेंबर १९६२ मध्ये गाड्यांना बंद केला, तो प्रयोग म्हणून. दुकानदारांनी कडाडून विरोध केला होता: आमच्याकडे थंडी, इथे कोण उघड्यावर फिरणार? धंदा बुडाला नाही, आणि १९६४ मध्ये बंदी कायम झाली. त्यानंतर त्या शहराने घाई केली नाही. एकेक गल्ली, एकेक चौक असं करत काही दशकांत पायी चालण्याचं क्षेत्र कित्येक पटींनी वाढवलं, आणि दरवर्षी थोडं थोडं पार्किंग कमी करत नेलं. एक मात्र सांगायला हवं. त्या मुख्य रस्त्यावर आज साखळी दुकानांचंच राज्य आहे, आणि लहान, वेगळी दुकानं बाजूच्या गल्ल्यांत सरकली आहेत. विचारपूर्वक केलेल्या कामातही भाडं आपला रस्ता काढतंच, एवढं यातून घ्यायचं.

आता आपल्याकडे वळू. नागपुरात जुने बाजार तीन जातींचे आहेत आणि तिन्हींना एकच औषध चालणार नाही. महाल हा भोसल्यांचा, वाड्यांचा आणि मंदिरांचा भाग. इतवारी घाऊक व्यापाराची, तिथे एकेका मालाची एकेक ओळ: सराफा ओळी, किराणा, भांडी, लोखंड. बर्डी या दोघांपेक्षा तरुण. १८१७ च्या नोव्हेंबरात सीताबर्डीच्या टेकडीवर इंग्रज आणि आप्पासाहेब भोसल्यांच्या फौजांची लढाई झाली, तेव्हा ही जागा शहराबाहेर होती. १८६७ मध्ये रेल्वे आली, सिव्हिल लाइन्स वसली, मध्य प्रांताची, पुढे मध्य प्रांत-वऱ्हाडाची आणि मग जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी १९५६ पर्यंत इथे होती. स्टेशन, कचेऱ्या आणि जुनं शहर यांच्या मध्ये किरकोळ खरेदीचा बाजार उभा राहिला, तो बर्डी. इथे गिऱ्हाईक पिशवीत मावेल एवढा माल घेतं. साडी, चप्पल, बॅग, चश्मा, मुलांचे कपडे. एका दुकानातून दुसऱ्यात, मोदी नंबर एकच्या गल्लीतून तीनच्या गल्लीत, हिंडत हिंडत खरेदी करतं. तुमचा बाजार आजही पायांवरच चालतो, गाड्या त्यात अडथळा म्हणून आहेत.

इतवारीत हा प्रयोग करू नये असं मी कितीदा सांगितलं असेल. धान्याचा मोठा व्यापार कळमन्याला गेला तरी इतवारीच्या गल्ल्यांत दिवसभर हातगाड्या, हमाल, छोटा हत्ती आणि मालवाहू ऑटो चालू असतात. त्यांच्यावरच भंडाऱ्यापासून चंद्रपूरपर्यंतच्या लहान दुकानदारांचा माल निघतो. तिथे गाड्या बंद केल्या की आठवडाभरात घाऊक व्यापारी जागा शोधायला लागतील, आणि ओळ एकदा मोडली की पुन्हा जमत नाही. इतवारीला हवेत नीट गडर (सांडपाण्याची गटारं), लोंबत्या वायरी काढणं, माल चढवण्या-उतरवण्याच्या आखीव जागा आणि आग लागली तर बंब आत जाईल अशी वाट. बाकं नंतर.

महालात प्रश्न रुंदीकरणाचा आहे. केळीबाग रस्त्याचं रुंदीकरण गेली कित्येक वर्षं लोकांच्या डोळ्यांसमोर चाललं आहे. रस्ता रुंद करताना आधी जातो तो इमारतींचा पुढचा भाग: सागवानी खांब, माड्यांचे कठडे, दुकानापुढचा ओटा. ज्याच्यासाठी लोक जुन्या रस्त्यावर येतात तेच पाडून त्या जागी फरशी घालायची, हे मला पटत नाही. गाड्या कमी करायच्या असतील तर रुंदीकरणाची गरजच उरत नाही. हे दोन निर्णय एकाच नकाशावर शेजारी ठेवून घेतले पाहिजेत. गांधी गेटजवळ, जुन्या जुम्मा दरवाजाखाली, थोडा वेळ उभं राहून बघा. त्या कमानीची रुंदी बदलता येत नाही, म्हणून तिच्याभोवती वाहतूक बदलावी लागते. तोच विचार बाकीच्या रस्त्याला का लावू नये?

तर बर्डी. आता भाड्याकडे येऊ, कारण तुमची खरी काळजी तिथे आहे.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा, तो ३१ मार्च २००० पासून लागू आहे. जुन्या भाडेकरूचं भाडं त्याखाली वर्षाला फार तर ४ टक्के वाढवता येतं. पण याच कायद्यात एक मोठी सूट आहे. बँका, सरकारी कंपन्या, बहुराष्ट्रीय कंपन्या आणि १ कोटी रुपये किंवा त्याहून जास्त भरणा भांडवल (भागधारकांनी प्रत्यक्ष भरलेलं) असलेल्या कंपन्या यांना दिलेल्या जागांवर हे संरक्षण चालत नाही. आता मालकाच्या जागी बसून बघा. एका गाळ्यात पगडीचा भाडेकरू, त्याचं भाडं महिन्याला काही शे किंवा काही हजार. शेजारच्या गाळ्यात मोठी कंपनी, तिच्याकडून बाजारभावाने भाडं. रस्ता सजला की दुसऱ्या गाळ्याचं भाडं चढतं, पहिल्याचं तिथेच राहतं. दोन्हींतलं अंतर वाढेल तसं तुम्हाला उठवण्याचं कारण मालकाला मिळत जातं. यात मालक वाईट असण्याची गरज नाही. मोडकळीला आलेल्या इमारतीची दुरुस्ती त्या काही शे रुपयांत होत नाही, हेही खरं आहे.

भाडेकरूची चूक नसताना उठवण्याचे कायदेशीर मार्ग मोजके आहेत. मालकाला स्वतःसाठी खरोखर जागा हवी असणं, इमारत पाडून नवी बांधायची असणं, इमारत धोकादायक ठरणं. जुन्या बाजारांत तिसरा मार्ग फार वेगाने पुढे येतो, म्हणून तयारी तिथे हवी. तुमच्या ताब्यातल्या जागेचं चटईक्षेत्र आजच मान्यताप्राप्त अभियंत्याकडून मोजून घ्या. नकाशावर तारीख आणि मोजमापं घाला, मालकाची सही मिळत असेल तर घ्या. भाडेपावत्या, जुन्यातला जुना गुमास्ता परवाना (दुकानाच्या नोंदणीचा), वीजबिलं, मालमत्ता कराच्या नोंदी, सगळं एका फाइलीत लावा. सिटी सर्व्हेतून आखीव पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) काढा. नागपुरात पुष्कळ जमिनी नझूलच्या, म्हणजे सरकारी मालकीच्या आणि भाडेपट्ट्याने दिलेल्या, आहेत. तुमची तशी असेल तर पट्ट्याची मुदत कधी संपते आणि नूतनीकरण झालं आहे का, ते मालकाला विचारा. आणि पोटभाडेकरू ठेवला असेल, दुकानाचा अर्धा भाग कुणाला मोबाइलच्या काउंटरसाठी दिला असेल, तर वकिलाला ते स्पष्ट सांगा. बहुतेक वेळा दावा तिथूनच सुरू होतो.

हे झालं तुमच्यापुरतं. रस्त्यापुरतं मागायचं ते निराळं. सार्वजनिक पैशाने रस्ता सुधारला तर दोन्ही बाजूंच्या मालमत्तांची किंमत वाढते. ती वाढ मालकांना फुकट मिळते. म्हणून प्रकल्पाच्या अटींत असं यावं की दर्शनी भागाची डागडुजी, छताचा पत्रा, पाट्या आणि वायरिंग यांसाठी सरकारी मदत ज्या इमारतीला मिळेल, तिच्या मालकाने ठरावीक वर्षं चालू भाडेकरूंविरुद्ध पुनर्बांधणीच्या कारणाने दावा करू नये, असा नोंदणीकृत करार करावा. त्या बदल्यात भाडेकरूंनी दुरुस्तीच्या खर्चाचा वाटा उचलावा आणि भाड्यात आपसात वाजवी वाढ मान्य करावी. असा करार कायदा सक्तीने करायला लावत नाही, तो व्यापारी संघटनेलाच घडवून आणावा लागेल. हे अवघड आहे. पण रस्ता बांधून झाल्यावर अशक्य होतं, आणि त्याआधी मालकालाही सरकारी मदतीची ओढ असते. बोलणी त्याच काळात करायची असतात.

फेरीवाले. हा शब्द निघाला की बर्डीच्या बैठकीत आवाज चढतात, मला माहीत आहे. दुकानदार म्हणतात आम्ही कर भरतो आणि आमच्याच पायरीवर दुसऱ्याचा धंदा. तक्रार खरी आहे. पण २०१४ चा पथविक्रेता कायदा काय सांगतो ते वाचून बैठकीला जा. सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रं दिली जाईपर्यंत जुन्या विक्रेत्याला हटवता येत नाही. शहर पथविक्रेता समितीत ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडलेले असावे लागतात आणि त्यांतल्या एकतृतीयांश महिला. हलवायचंच असेल तर ३० दिवसांची नोटीस. आणि जिथे पूर्वापार विक्रेते आणि ग्राहक जमत आले तो नैसर्गिक बाजार, त्याचा विचार आराखड्यात करावाच लागतो. आधी सगळे उठवा, मग रस्ता करू, असा आराखडा न्यायालयात अडकतो आणि खोदलेला रस्ता तुमच्या दारात पडून राहतो. नुकसान तुमचं.

मी उलटं सुचवते. गाड्या गेल्या की मेन रोडवर मधोमध पट्टा मोकळा होतो. फेरीवाल्यांना पदपथावरून, म्हणजे तुमच्या पायरीवरून, या मधल्या पट्ट्यात घ्या. नोंदणीकृत, नंबर घातलेली, सारख्या मापाची जागा, दोन जागांमध्ये ओलांडायला फट, आणि एका बाजूने बंबासाठी सलग सहा मीटर मोकळं. दुकानाची काच मोकळी होते, फेरीवाल्याला रोजची पळापळ राहत नाही. दोघांचा माल वेगळा आहे: जो १०० रुपयांचा टॉप घ्यायला थांबतो तोच पुढे तुमच्याकडे लग्नाचा बस्ता बांधायला येतो. बर्डीची गर्दी या दोघांची मिळून आहे. फेरीवाले काढून नुसती चकचकीत दुकानं ठेवली तर गिऱ्हाईक म्हणेल, मग मॉलमध्येच जाऊ, तिथे एसी तरी आहे. व्हरायटी चौकात मॉल आहेच.

माल उतरवण्याबद्दल थोडं बारकाईने लिहिते, कारण रस्ता इथे मोडतो आणि कुणाच्या लक्षात येत नाही. बर्डीची दुकानं साधारण साडेदहा-अकराला उघडतात. सकाळी ६ ते १० आणि रात्री १० नंतर मालाच्या गाड्यांना प्रवेश, असं ठेवलं तर कापड, चप्पल, बॅगवाल्यांचं काम भागतं. पण खाण्याच्या दुकानांना दिवसातून दोनदा माल लागतो, बर्फ लागतो, गॅसची टाकी लागते. आणि आता घरपोच सेवेची मुलं आहेत, त्यांच्या दुचाक्या दिवसभर. मागच्या गल्ल्यांत त्यांना थांबायची आखलेली जागा दिली नाही तर ते पहिल्या दिवसापासून आत शिरतील, आणि त्यांच्या मागोमाग सगळे. रस्त्याच्या दोन्ही तोंडांना, म्हणजे व्हरायटी चौकाकडे आणि लोहापुलाकडे, दाबले की जमिनीत जाणारे खांब हवेत. पोलिसाने हाताने सरकवायचे बॅरिकेड दोन महिन्यांत बाजूला पडतात. मधूनच फुटणाऱ्या गल्ल्यांची तोंडंही तशीच बंद करावी लागतात. आणि सगळ्यात आधी, हमालांना बसवून घ्या. माल कुठून कुठे, किती वाजता, किती वजनाचा जातो हे त्यांच्याइतकं नकाशावर दुसरं कुणी दाखवू शकत नाही. दुकानदार सांगतो त्यापेक्षा ते नेहमी वेगळं निघतं.

पार्किंगचं भय दर बाजारात एकच ऐकू येतं. "मॅडम, गाडी दुकानापुढं लागली नाही तर गिऱ्हाईक येतच नाही ना." पण दुकानापुढे लागलेल्या गाड्या कुणाच्या आहेत ते सकाळी साडेअकराला बघा. बऱ्याच दुकानदारांच्या आणि नोकरांच्या निघतात. बर्डीला जे मिळालं आहे ते नागपुरात दुसऱ्या बाजाराला नाही: मेट्रोच्या ऑरेंज आणि ॲक्वा या दोन्ही मार्गिका जिथे भेटतात ते सीताबर्डी स्टेशन दोन पावलांवर, मोरभवन बसस्थानक जवळ, रेल्वे स्टेशन पुलापलीकडे. स्टेशनपासून मेन रोडपर्यंतची वाट सावलीची, सपाट आणि रात्री उजेडाची करा. त्याला लागणारा खर्च पार्किंगच्या एका मजल्याहून कमी आहे. पदपथावर चालायला किमान १.८ मीटर निव्वळ मोकळी रुंदी आणि कडेचा दगड १५० मिलिमीटरपेक्षा उंच नको, हे इंडियन रोड्स काँग्रेसचं माप आहे. विजेच्या डीपी (वीजपुरवठ्याच्या पेट्या), खांब, पाट्या वजा करून ती रुंदी मोजायची असते.

ऊन आणि पाणी. दिल्ली-बीजिंगची चित्रं नागपूरला जशीच्या तशी चालणार नाहीत, त्याचं कारण मे महिना. २०१३ च्या मे महिन्यात इथे ४७.९ अंश नोंदले गेले. अशा शहरात मोकळा दगडी चौक दुपारी चार वाजेपर्यंत मेलेला असतो. आपल्या जुन्या दुकानांना पुढे पडवी असायची, माडी रस्त्यावर झुकलेली असायची, त्यामागे हेच होतं. दुकानांच्या ओळीला सलग छत द्या, निदान अडीच मीटर खोल. कडुनिंब, करंज यांसारखी दाट सावलीची झाडं लावा, कुंडीत नाही, जमिनीत. त्यासाठी जमिनीखालच्या वाहिन्या आधी नकाशावर आणाव्या लागतात. काळा दगड मेमध्ये तव्यासारखा तापतो आणि गुळगुळीत ग्रॅनाइटवरून पहिल्याच पावसात माणसं घसरतात. फिकट, खरबरीत, लहान मापाचा दगड, जो उचलून खालची नळी दुरुस्त करता येईल आणि पुन्हा बसवता येईल. फरशीबद्दल एवढंच.

पाण्याबद्दल जास्त. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी फुगली आणि झाशी राणी चौक, मोरभवनचा भाग पाण्यात गेला, ते तुम्ही जवळून पाहिलं आहे. त्याखेरीज नागपुरात आणखी एक दुखणं आहे. सिमेंटचे रस्ते जुन्या रस्त्यावरच थर चढवून केले गेले, तिथे घरं आणि दुकानं रस्त्याच्या खाली गेली. मेन रोडवर काम निघालं तर पहिली मागणी ही करा: प्रत्येक दुकानाच्या जोत्याची पातळी मोजून नकाशावर लिहा आणि नवी फरशी सगळ्यात खालच्या उंबऱ्याहून किमान १५० मिलिमीटर खाली ठेवा. जुना थर खरवडून काढल्याशिवाय नवा घालू देऊ नका. पावसाळी नाली आणि गडर वेगळे हवेत, आणि नालीचं पाणी लोहापुलाखाली न साचता पुढे कुठे जातं ते कागदावर दाखवलेलं हवं. दाखवता येत नसेल तर कामाला सुरुवात करू देऊ नका, हे मी स्पष्टच सांगते.

आपल्या रस्त्यांवरून मिरवणुका जातात, हेही आखणाऱ्याच्या डोक्यात असावं लागतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत इतवारी-महालातून निघतात, त्यांना शतकाहून अधिक काळ झाला. रामनवमीला पोद्दारेश्वर राममंदिराची शोभायात्रा शहरभर फिरते. मिरवणुकीच्या मार्गावर पक्की बाकं, कारंजी, उंच कुंड्या ठोकून ठेवल्या तर गर्दीत माणसं अडकतात, चेंगरतात. आडव्या वायरी आणि खाली आणलेली छतं उंच मूर्तींना लागतात. बाकं काढता येतील अशी, खांब भिंतीच्या बाजूला, मधला पट्टा साफ. वर सांगितलेली फेरीवाल्यांची रांगही त्या दिवशी गुंडाळता यायला हवी, म्हणून पक्के स्टॉल बांधू नयेत.

सुरुवात कशी करावी? कायमचं बांधकाम लगेच मागू नका. पुण्यात महापालिकेने ११ डिसेंबर २०२१ ला लक्ष्मी रस्त्यावर एक दिवस गाड्या थांबवून पादचारी दिन केला, आणि तेव्हापासून ती प्रथा चालू आहे. बर्डीला एका दिवसाने भागणार नाही. वाहतूक पोलिसांच्या अधिसूचनेने तीन महिने, रविवारी दुपारी ४ ते रात्री १०, असा प्रयोग मागा. दिवाळीचे आठवडे त्यात धरू नका, त्या गर्दीत पोलिस तसेही बॅरिकेड लावतात आणि आकडे फसवे येतात. उन्हाळ्याचा एक महिना मात्र धराच. प्रयोगाआधीचे चार रविवार आणि प्रयोगातले सगळे रविवार मोजा: व्हरायटी चौकाकडून आणि लोहापुलाकडून दर तासाला किती माणसं आली, त्यांतली किती हातात पिशवी घेऊन परतली, मेट्रोने किती, बसने किती, दुचाकीने किती. दुकानांची विक्री कुणी उघड सांगणार नाही, म्हणून बिलांची संख्या मागा, रक्कम नको. ती लोक देतात. म्हातारी माणसं आणि लहान मुलं घेऊन आलेल्या बायका वेगळ्या मोजा, त्यांची संख्या वाढली तर रस्ता चांगला होतो आहे असं मी समजते. मोदी गल्ल्यांत आणि धंतोलीच्या बाजूला गाड्यांची कोंडी किती वाढली तेही त्याच तक्त्यात लिहा, कारण विरोध तिथून येईल आणि तो रास्त असू शकतो.

आकडे हातात आले की मग पैसे कोण देणार हा विषय. बांधकामाला निधी मिळतो. रोज दोनदा झाडायला, फुटलेला दगड बदलायला, दिवे बघायला, खांब वरखाली करायला दहा वर्षं कोण देणार, ते कंत्राटाच्या कागदात आधी लिहा. दुकानाच्या पुढच्या रुंदीप्रमाणे महिन्याचं वर्गणीचं सूत्र, फेरीवाल्यांच्या शुल्काचा ठरलेला हिस्सा याच रस्त्यावर खर्च होईल असा ठराव, आणि महापालिकेचा वाटा वेगळ्या लेखाशीर्षात. चांदणी चौकात नेमकं हे बळकट नव्हतं.

व्यापारी संघटनेच्या पत्रात मी या क्रमाने मागण्या लिहीन: पथविक्रेता सर्वेक्षण आणि समितीच्या बैठकीची तारीख, मालवाहतुकीच्या वेळा हमालांच्या सहीने, जोत्यांच्या पातळ्यांचा नकाशा, तीन महिन्यांचा रविवारचा प्रयोग, भाडेकरू आणि मालक यांच्यातल्या कराराचा मसुदा, देखभालीची तरतूद. फरशीचा नमुना या पत्रात घालूच नका. तुमच्यासारखे पगडीचे भाडेकरू मेन रोडवर आणखी पुष्कळ असतील, त्यांनी स्वतंत्र बसून मसुद्याचं ते एक कलम आधी आपसांत पक्कं करावं. मालकांसमोर तुम्ही एकेकटे गेलात तर प्रत्येकाचा करार वेगळा होईल. वकील असा घ्या की ज्याने लघुवाद न्यायालयात भाड्याचे दावे चालवले आहेत. नुसता खरेदीखतं करणारा पुरणार नाही. आणि आखीव पत्रिकेची प्रत व दुकानाचं मोजमाप या दोन गोष्टींसाठी संघटनेच्या बैठकीची वाट बघू नका, त्या याच महिन्यात करून घ्या.